विहीणबाईंच्या आधी टोरांटो

सांगून ठेवतो, स्वस्तात वस्तू मिळवण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस भाईंदर पूर्वेत अजून जन्माला यायचाय! मी उत्तम घरत, राहणार जेसल पार्क. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं खरेदी सांभाळून गेल्याच वर्षी निवृत्त झालो. स्क्रूपासून बॉयलरपर्यंत जे घेतलं ते घासाघीस करूनच घेतलं. सोसायटीत कुणाला साधा मिक्सर घ्यायचा असला तरी आधी माझी बेल वाजते. त्यामुळे टोरांटोची तिकिटं काढायची वेळ आली, तीही कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, जेव्हा देशोदेशीचे नियम सकाळी एक आणि संध्याकाळी भलतेच असायचे, तेव्हा मी छाती पुढे काढून बायकोला म्हणालो, "तू फक्त बॅगा भर. बाकी सगळं माझ्यावर सोड!"

तिने बॅगा भरल्या आणि बाकी सगळं माझ्यावर सोडलं. तिथेच चुकलं.

त्याचं असं झालं. आमची एकुलती एक लेक कृतिका टोरांटोला असते. जावई प्रणय तिथे कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान डोलावली. सप्टेंबरच्या वीस तारखेच्या आसपास कृतिकाचे दिवस भरणार होते. आता पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय मी नव्याने सांगायला पाहिजे? अंगाला तेल लावणं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेणं, सगळा माहेरचा मान! लेक इकडे येऊ शकत नव्हती. मग माहेराने उठून लेकीकडे जायचं, इतकं ते सरळ होतं.

पण हे प्रणयच्या आईला कोण सांगणार? आमच्या विहीणबाई वैजयंताताई बेव्हर्ली पार्कला राहतात, सातव्या मजल्यावर, दोन बाल्कन्यांच्या फ्लॅटमध्ये. आमच्याकडे एकच बाल्कनी, तीही अर्धी कपड्यांच्या दोरीने खाल्लेली. आम्ही टीव्ही घेतला की पंधरा दिवसांत त्यांच्या भिंतीवर त्याहून मोठा टीव्ही लागतो. व्याही सीतारामराव मात्र देवमाणूस. ते कधीच काही बोलत नाहीत, कारण त्यांची पाळीच येत नाही.

जुलैच्या शेवटी एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला.

"अहो उत्तमराव, एक गंमत सांगायचीय!" विहीणबाई स्क्रीनभर पसरल्या. "आम्ही तिकिटं काढली! बारा सप्टेंबरला पोचतोय. बाळाला पहिली मीच घेणार बाई, आधीच सांगून ठेवते!"

"अरे वा!" मी म्हणालो. म्हणताना दातांवर दात इतके घट्ट बसले होते की 'वा' नाकातून आला.

"तुमचं काय ठरतंय?"

"बघू. नियम रोज बदलतायत. आम्हाला काय, घाई नाही!"

कॉल संपला आणि मी चपला शोधायला लागलो.

"कुठे निघालात?" सावित्रीने विचारलं. सावित्री म्हणजे माझी बायको.

"धर्मेशकडे! त्या बाराला काय पोचतायत, आपण दहाला पोचू!"

"अहो, त्या काय बाळाला पळवून नेणार आहेत?"

तिला हेवा म्हणजे काय ते कळतच नाही. बिचारी! आमच्या घरात ते सगळं खातं एकट्या मला सांभाळावं लागतं.

धर्मेशचं ट्रॅव्हल ऑफिस स्टेशनजवळ, फरसाणवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यात. आत एक टेबल, दोन स्क्रीन आणि एक पृथ्वीचा गोळा, ज्यावर तो चहाचा ग्लास टेकवतो.

"धर्मेश, टोरांटो. दोन माणसं, दहा सप्टेंबरच्या आत. आणि सस्ता पाहिजे!"

"अंकल, डायरेक्ट तो बंद छे. इंडियातून सीधा जाताच येत नाय. बीचमध्ये तिसऱ्या देशात उतरायचं, तिकडे टेस्ट करायची. निगेटिव्ह आली की पुढे."

"आणि पॉझिटिव्ह आली तर?"

"तर तिकडेच राहायचं. मालदीवला, माले टाकतो तुम्हाला. बीच बहुत अच्छा है!"

मी तीन चहा पिऊन त्याच्याकडून असं तिकीट काढून घेतलं की त्याच्या कपाळावर घाम आला. निघताना बजावलं, "हे कुणाला कळता कामा नये. खास करून बेव्हर्ली पार्कात!"

"अंकल, या पोटातून गोष्ट बाहेर नाय जात!" धर्मेशने पोटावर हात ठेवला. पोटाचा आकार पाहता माझी खात्री पटली.

आठ दिवसांनी विहीणबाईंचा फोन. "अहो, आम्ही तारीख अलीकडे घेतली. आठला पोचतोय!"

मी उडालोच! यांना दहा तारीख कळली कशी? सावित्रीवर संशय घेतला, वॉचमनवर घेतला, फरसाणवाल्यावरही घेतला. मग धर्मेशकडे धाव घेतली आणि सात तारखेचं तिकीट करून घेतलं. चार दिवसांनी विहीणबाई सहाला पोचत होत्या! शेवटी मी टेबलावर मूठ आपटली. पृथ्वीच्या गोळ्यावरचा चहा आफ्रिकेवर सांडला.

"धर्मेश, आता असं काहीतरी दे की त्याच्या आधी कुणी पोचूच शकणार नाही!"

त्याने बराच वेळ स्क्रीन खालीवर केला. "अंकल, एक आहे. दोनला दुपारी निघायचं, माले दोन रात्र, मग आणखी एक देश, मग टोरांटो, पाच तारीख. सबसे सस्ता! पण तो मालेच्या पुढचा देश कडक आहे. लसीचं सर्टिफिकेट पायजे, दोन्ही डोस, नाव पासपोर्टसारखं. नाहीतर बसू देत नाय."

त्या मधल्या देशाचं नाव मला आजही नीट घेता येत नाही. पण मी हसलो.

"सर्टिफिकेटचं मला सांगतोस? माझ्याकडे एक नाही, दोन आहेत! दोन डोस, दोन सर्टिफिकेटं, दोन्ही लॅमिनेट केलेली! आमच्या व्याह्यांकडे एकच आहे."

धर्मेश तेवढ्यात कुणाशी तरी फोनवर बोलायला लागला, त्यामुळे माझं वाक्य त्याच्या कानावरून गेलं. ते जर त्याच्या कानात गेलं असतं तर आज मी टोरांटोत असतो.

आता या दोन सर्टिफिकेटांमागे एक माणूस आहे. त्याचं नाव बबन.

सावित्रीचं माहेर पलीकडे भाईंदर पश्चिमेला, मुर्धा गावात. त्यांची पूर्वी मिठागरं होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी साखरपुड्याच्या दिवशी मी त्या गावात पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट दिसली ती मीठ वाहून नेणारा एक टेम्पो. त्याच्या मागे लाल रंगात, दोन्ही बाजूंना गुलाब काढून लिहिलं होतं, 'संचिता'! आणि टेम्पोच्या आरशात बघून एक कुरळ्या केसांचा तरणाबांड गडी भांग पाडत होता. तो बबन. आणि संचिता हे माझ्या होणाऱ्या बायकोचं माहेरचं नाव!

मी कुणाला काही विचारलं नाही. जळणारा माणूस विचारत नाही, ठरवतो. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हा प्रकार तुम्हाला माहीत आहेच. मी अंगठी अशी रोवली की ताटाला चरा पडला, आणि लिहिलं 'सावित्री'. तिला सांगितलं, गुरुजींनी पत्रिका बघून हेच नाव काढून दिलंय. खरं तर गुरुजींनी फक्त दक्षिणेचा आकडा काढून दिला होता. ती त्या तांदळाकडे बघत राहिली. नंतर कितीदा तरी मला ते बघणं आठवलंय, पण तेव्हा मी खुशीत होतो. बबनचा टेम्पो आता खोटा पडला होता!

त्यानंतर मी मुर्ध्याला जेवढ्यास तेवढा जायचो. पण लस आली तेव्हा नंबर कुठेच लागेना, आणि मेहुणा हरिश्चंद्र म्हणाला, "दाजी, आमच्या शाळेत शिबिर हाय. गर्दी न्हाय. या दोघं." गेलो. तर शिबिरात नोंदणीच्या टेबलावर कॉम्प्युटरपुढे कोण बसलेला? बबन! केस गेलेले, पोट आलेलं, पण हसणं तेच.

माझं आधारकार्ड त्याने बघून बघून टाइप केलं. सावित्रीची वेळ आली तर म्हणाला, "हिचं कार्ड कशाला बगायला पायजे? हिला काय मी वळखत न्हाय?" कार्डावरचे आकडे तेवढे घेतले. मोबाइलला रेंज नव्हती म्हणून सगळ्या गावाचे ओटीपी तो स्वतःच्याच नंबरवर मागवत होता. मला टोचून पलीकडच्या खुर्चीत अर्धा तास बसवलं होतं. तिथून मला दिसत होतं, तो काहीतरी बोलला आणि सावित्री हसली. लसीने आला नसता एवढा ताप मला त्या हसण्याने आला!

दुसऱ्या डोसला ती मुर्ध्याला गेली. मी नाही गेलो. म्हटलं, पुन्हा त्या माणसाच्या हातून माझं नाव टाइप होणार नाही! जेसल पार्कच्या केंद्रावर तीन तास रांगेत उभा राहिलो, स्वतःचा नंबर दिला, स्वाभिमानाने टोचून घेतलं. सावित्रीचं सर्टिफिकेट मेहुण्याने पाकिटातून पाठवलं. पाकिटावर बबनचं अक्षर होतं, म्हणून मी ते उघडलंसुद्धा नाही. तसंच पासपोर्टच्या पिशवीत टाकलं.

दोन सप्टेंबर उजाडला. आम्ही विमानतळावर पोचलो. पाच किलो डिंकाचे लाडू, बाळंतविडा, शेकायला ओव्याची पुरचुंडी आणि माझी दोन लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं! रांगेत आमच्या पुढे एक जोडपं उभं होतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. माणसं आहेत की फ्रीजची कव्हरं, कळत नव्हतं.

मी इतका खुशीत होतो की परक्या माणसालाही आनंद वाटून टाकावा असं वाटलं. त्या बाईंना म्हणालो, "मुलीचं पहिलं बाळंतपण आहे! आमच्या विहीणबाईंना पत्ताच नाही. त्या आपल्या सहाला पोचणार, आणि आम्ही पाचला! बिचाऱ्या!"

पांढऱ्या सूटने सावकाश काच वर केली.

"कोण बिचाऱ्या?"

विहीणबाई! आणि शेजारच्या सूटमधून सीतारामरावांचे डोळे माझ्याकडे बघत होते, अगदी दिलगिरीने.

"तुम्ही सहाला येणार होता ना?" मी कसाबसा म्हणालो.

"आणि तुम्हाला घाई नव्हती ना?" त्या म्हणाल्या. "आमचा एक एजंट आहे, धर्मेश म्हणून. फार गुणी मुलगा. म्हणाला, आंटी, हे घ्या, याच्या आधी कुणी पोचूच शकणार नाही."

मी रांगेतूनच धर्मेशला फोन लावला. "अरे, तू दोघांनाही तिकिटं विकलीस?"

"अंकल, चार पॅसेंजर झाले तर ग्रुप रेट मिळतो! सस्ता तुम्हालाच पायजे होता ना? सीट पण एका लाइनीत दिली. आंटीला विंडो!"

विंडोसुद्धा विहीणबाईंना! मी फोन ठेवला. ठीक आहे, म्हटलं. विमान एक असलं तरी दारातून एका वेळी एकच माणूस उतरतो. टोरांटोला उतरताना कोण पुढे राहतं ते बघू!

काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर 'साक्षी' असं नाव होतं. मोठी नम्र मुलगी. विहीणबाईंचे कागद तिने एका मिनिटात तपासले आणि शिक्का मारला. मग आमचे घेतले. पाकीट उघडलं. थांबली.

"सावित्री घरत कोण?"

"मी," बायको म्हणाली.

"पण हे सर्टिफिकेट संचिता पाटील यांचं आहे. त्या कुठे आहेत?"

"त्यापण मीच."

मी कागद ओढून घेतला. लसीकरण पूर्ण, दोन्ही डोस, नाव संचिता पाटील! अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी तांदळात पुसलेलं नाव बबनने सरकारी कागदावर छापून काढलं होतं, खाली देशाचा शिक्का मारून!

"म्हणजे तुमचं माहेरचं नाव संचिता?" विहीणबाई काउंटर सोडून परत आल्या होत्या. "इतकं गोड नाव! बदललं कशाला?"

"गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं होतं," सावित्री म्हणाली.

मी छताकडे बघितलं.

"सर, घाबरू नका," साक्षी म्हणाली. "पोर्टलवर नावाची दुरुस्ती आत्ता होऊ शकते. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो टाका. शेवटी सत्त्याहत्तर असलेला नंबर कुणाचा?"

कुणाचा असणार!

"दुसरा काही मार्ग?" मी विचारलं.

"नाही सर. नाहीतर आज मॅडमना बसता येणार नाही."

"जाऊ दे ना उत्तमराव," विहीणबाईंनी माझ्या खांद्यावर रबरी हातमोजा ठेवला. "तुम्ही या मागून सावकाश. आम्ही आहोत ना तिथे! मी बघते बाळाचं सगळं."

आयुष्यात मला खूप जणांनी खूप काही सुनावलंय. पण 'आम्ही आहोत ना' याइतकं काळजाला झोंबणारं वाक्य कुणी बोललेलं नाही. मी सावित्रीपुढे हात केला. "दे बबनचा नंबर!"

तिच्या मोबाइलमध्ये तो 'बबनदादा टेम्पो' या नावाने होता. दादा! हा 'दादा' मी आधी कधी वाचला असता तर किती बरं झालं असतं. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण मला सगळं ऐकायचं होतं. ते रांगेतल्या चाळीस माणसांनाही ऐकू जाईल हे लक्षात आलं नाही.

"हॅलो, मी उत्तम घरत बोलतोय."

"कोन उत्तम?"

"घरत. जेसल पार्कवाला."

"वळखला न्हाय."

"संचिताचा नवरा."

लग्नानंतर ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. सावित्रीने झटकन माझ्याकडे बघितलं.

"आवो जावई! मंग तसं बोला ना! थांबा, टेम्पो बाजूला घेताव. चष्मा घालू द्या."

बबनने टेम्पो बाजूला घेतला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्याला बबनने एक शिवी दिली, तीही चाळीस जणांनी ऐकली. मग एकेक आकडा वाचत ओटीपी सांगितला.

"सर, हा एक्स्पायर झाला," साक्षी म्हणाली. "पुन्हा पाठवते."

दुसरा ओटीपी यायची वाट बघताना बबन गप्पा मारायला लागला. "संचिताचं नाव बदलताव काय? चांगलं नाव व्हतं. माझ्या टेम्पोवर अजून हाय!"

माझं डोकं फिरलं! अठ्ठावीस वर्षांची वाफ एकदम बाहेर पडली. "तेच विचारायचंय मला! माझ्या बायकोचं नाव तुमच्या टेम्पोवर काय करतंय? साखरपुड्याच्या दिवशी बघितलं मी, लाल रंगात, गुलाबाची फुलं काढून! म्हणून तर मी ते नाव बदललं!"

रांगेत एक मूल रडत होतं तेही थांबलं.

"आवो जावई," बबन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "त्यो टेम्पो तिच्या बापाचाच ना! पोरगी झाली तवा काकांनी तिच्या नावानं घेतलेला. तिच्या लग्नाच्या खर्चासाठी इकला मला. बोलला, बबन, नाव पुसून घे. मी बोललो, ऱ्हाऊ द्या काका, पोरीचं नाव हाय, कशाला पुसताव? फुलं तेवढी मी काढली, गाडी चांगली दिसावी म्हून. ओटीपी आला, लिवा."

मी आकडे लिहून घेतले. माझ्या सासऱ्याने माझ्या लग्नासाठी गाडी विकली, बबनने तिच्यावरचं नाव जपलं, आणि पुसलं कुणी? मी! त्यासाठी ताटाला चरा पाडला, तो वेगळाच.

"म्हणजे गुरुजींनी काही सांगितलं नव्हतं?" सावित्रीने हळूच विचारलं.

"नाही."

"बाबांची गाडी होती ती. मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे." एवढंच म्हणून तिने मास्क नीट केला. मला मनापासून लाज वाटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"झालं!" साक्षी आनंदाने म्हणाली. "मॅडमचं नाव दुरुस्त झालं. आता सर, तुमचं."

जरा जीव आला. मी दोन्ही लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं काउंटरवर ठेवली, एकावर एक, विहीणबाईंना दिसतील अशी.

साक्षीने एक बघितलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं.

"सर, ही दोन्ही पहिल्या डोसची आहेत."

"कसं शक्य आहे? हे पहिल्याचं, ते दुसऱ्याचं!"

"दोन्हींवर पहिला डोस लिहिलंय सर. दुसऱ्या वेळी मोबाइल नंबर वेगळा दिलात का?"

मी विहीणबाईंकडे पाठ करून मान डोलावली.

"मग सिस्टिमने तुम्हाला नवीन माणूस धरलं. त्यांच्या नोंदीत दोन उत्तम घरत आहेत, आणि दोघांचाही एकेकच डोस झालाय."

"पण मी एकच आहे! तुम्ही बघताय ना!"

"मी बघतेय सर. सिस्टिम बघत नाही. दोन्ही नोंदी एकत्र करायचा अर्ज करावा लागेल, त्याला काही दिवस जातात."

"तुम्ही नंबर वेगळा का दिलात हो?" विहीणबाईंनी विचारलं. त्याचं उत्तर एकट्या सावित्रीला कळलं होतं, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मी पुन्हा धर्मेशला फोन लावला.

"अंकल, दुसऱ्या रूटला हा रूल नव्हता," धर्मेश म्हणाला. "पण तो सस्ता नव्हता!"

पुढच्या दहा मिनिटांत सगळं ठरलं, आणि त्यातलं काहीच मी ठरवलं नाही. सावित्रीने लाडवांची पिशवी, बाळंतविडा, ओवा सगळं आपल्या बॅगेत कोंबलं. माझे लोकरीचे कपडे बाहेर काढून माझ्या हातात दिले.

"मी जाते," ती म्हणाली.

"एकटी?"

"एकटी कुठे? विहीणबाई आहेत ना."

विहीणबाईंनी लगेच तिचा दंड धरला. सीतारामरावांनी माझा हात हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलले: "तुमची सीट रिकामी राहील ना, मग मी जरा पाय पसरतो."

तिघं आत निघाले. मी कठड्यापाशी उभा राहून हाक मारली, "सावित्री!" गर्दीत तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा मारली. नाही. मग इकडेतिकडे बघून घेतलं आणि जरा हळूच म्हणालो, "संचिता!"

इतक्या झटकन वळली! इतक्या वर्षांत 'सावित्री' म्हटल्यावर ती एकदाही अशी वळली नव्हती.

"काय हो?"

माफी मागायची होती. पण चाळीस माणसं अजून तिथेच होती. "लाडू मोजून दे हो त्यांना," मी म्हणालो.

ती मास्कच्या आत हसली असावी. डोळे तरी हसले.

कृतिकाला अठरा तारखेला मुलगी झाली. बाळाला आधी कोण घेणार यावर दोन्ही आज्यांचं भांडण होईल अशी मला फार आशा होती. पण दोघींनी म्हणे एकदमच हात पुढे केले आणि नर्सने बाळ प्रणयच्या हातात दिलं. मी इकडे रोज अर्जाची स्थिती बघत होतो. दोन उत्तम घरत अजून एकत्र यायला तयार नव्हते.

बाराव्या दिवशी बारसं. मला फोनवरून हजर ठेवलं होतं. तिकडचा फोन त्यांनी लाडवांच्या डब्याला टेकवून उभा केला होता, त्यामुळे अर्ध्या पडद्यावर पाळणा आणि अर्ध्यावर माझेच लाडू खाणारे सीतारामराव, असं मला दिसत होतं. आत्या नव्हती म्हणून दोन्ही आज्या बाळाच्या कानाशी वाकल्या. कुर्रर्र झालं. कृतिका फोनजवळ आली.

"बाबा, नाव ऐकलंत का? संचिता!"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझे डोळे भरून आले, ते मी रेंज गेल्याचं नाटक करून पुसले.

"छान आहे," मी म्हणालो. "फार छान. तुझ्या आईने सुचवलं ना?"

"नाही हो. आईला तर संकोचच वाटत होता. सासूबाईंनी सुचवलं! विमानातच ठरवलं होतं म्हणे त्यांनी."

विहीणबाई! विमानाची विंडो त्यांना, आणि नावसुद्धा त्यांचंच! जे नाव लिहायला माझ्या हातात ताट होतं, तांदूळ होते, सोन्याची अंगठी होती, ते त्यांनी विंडो सीटवर बसून आयतं पटकावलं!

पण मी हार मानणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून मुर्ध्याला गेलो. बबनच्या दारात टेम्पो उभा होता. रंग उडालेला, पण 'संचिता' अजून वाचता येत होतं. बबनने चहा पाजला, टेम्पोचा मागचा भाग ओल्या फडक्याने पुसून दिला, आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. ही गाडी म्हणजे आमच्या बाजूची, माहेरची, विहीणबाईंचा हिच्यावर काडीचा हक्क नाही! फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या नातीच्या नावाची गाडी, पणजोबांकडून!'

कुणाचीच टाळी आली नाही. म्हणून ग्रुप जरा वर सरकवून बघितला. तोच टेम्पो, तेच गुलाब. बबनने पहाटे फोटो काढून तिकडे सावित्रीला पाठवला होता आणि विहीणबाईंनी तो माझ्या तासभर आधी टाकला होता. खाली सगळ्यांच्या टाळ्या होत्या. आणि सर्वात वर, सकाळी रिक्षात घाईघाईत न बघता दिलेला, माझा अंगठा.